एका फळीवरील दहा बदकांची हकीकत

श्री. जिनें अक्षर दिलें ती शारदा आणि ज्यांनीं अंक धरिले तीं हातांची दहा बोटें, उभयतांस नमस्कार करून लिहितों. शके सत्राशें त्रेपन, खरनाम संवत्सरे, श्रावण वद्य पंचमीचे दिवशीं एका राज्यीं, ज्याचें नांव लिहिल्यानें कोणाचाच लाभ नाहीं, ऐसें वर्तमान जाहलें कीं महाराजांची कन्या ताईसाहेब, वय वर्षें सहा, यांस अंक येईनात. तीनपर्यंत नीट जात, पुढें पंतोजींची छडी नजरेस पडे आणि चार कोठें गेला तो सांपडेना. मग महाराजांनीं आज्ञा केली कीं, दसऱ्याचे दरबारीं कन्येनें एकपासून दहापर्यंत मोजावें, न मोजल्यास पंतोजींस छडीची मोकळीक. पोरीच्या मातुश्रींस हें सोसेना, आणि त्यांनीं म्हाळसा रंगारीण हीस बोलावून सांगितलें कीं, अक्षरांचें व अंकांचें चित्रांचें पुस्तक कर, पोर पाहतां पाहतां शिकेल, आणि शंभर प्रती कर, म्हणजे शंभर घरच्या पोरांचें कल्याण होईल.

ही म्हाळसा लुगड्यांचे कांठ छापणारी, लांकडी ठसे कोरण्यांत हात बसलेला, बोलण्यांत फटकळ. अक्षरांचें काम तिनें घरच्या जुन्या ठशांवर भागविलें, कारण कुयऱ्या, कमळें, हत्ती आणि मोर लुगड्यांचे पदरीं होतेच. अंकांस मात्र दहा चित्रें, म्हणून दहा फळ्या पाहिजेत. तसा अर्ज तिनें कोठीवाल्यांकडे केला, आणि कोठीवाल्यांनीं तो तीन वेळां परत फिरवून चौथे वेळीं शिसवीची एक फळी दिली, आणि वर तोंड असें केलें कीं जणूं राज्यच दिलें. म्हाळसेनें कपाळावर हात मारिला. मग ती घरामागील तळ्याकांठीं दोन दिवस बसली, आणि तिसरे दिवशीं त्या एका फळीवर दहा बदकें कोरावयास घेतलीं, कोणी लांब मानेचें, कोणी लठ्ठ, कोणी निजलेलें, कोणी चोंच वासून ओरडणारें. फळी पुरी होतांच तिजवर काजळी व अळशीचें तेल लावून, कागद ठेवून, करवंटीनें घासून दहाच्या अंकाचे शंभर कागद छापिले आणि धुण्याप्रमाणें दोरीवर वाळत घातले. मग पटाशी घेऊन कडेचें एक बदक तासून टाकिलें, आणि राहिलेल्या नवांचे शंभर छापिले. फळी एक, पुस्तक दहापासून एकाकडे उतरावयाचें, आणि गेलेलें बदक पुन्हा येणें नाहीं, अशी ही युक्ति.

ताईसाहेब दासीसह रोज पाहावयास येत. पहिलें बदक तासतांना म्हाळसेनें पटाशी दोनदां लावून दोनदां उचलिली तें पोरीनें पाहिलें आणि पुसिलें, "म्हाळसाबाई, तुला वाईट वाटतं?"

"तर वो! दोन दिस डोळं फोडून बघितल्याली बदकं हायत. पर बाईसाहेब, ते गेलं कुटं? त्यो बगा दोरीवरला दहाचा कागद. त्यात हाय की ते."

ताईसाहेबांनीं दोरीकडे पाहिलें, आणि घरीं जातांना "दहा, नऊ" असें आपणच म्हणत गेल्या, कोणीं शिकविलें नाहीं. म्हाळसेनें तें ऐकिलें, आणि मनाशीं धरिलें कीं या पोरीच्या पाठीस छडी लागूं द्यावयाची नाहीं.

परंतु दरबारांत मानकरी दहा होते, आणि कोणा चहाडखोरानें सांगितलें कीं फळीवरचीं बदकें म्हणजे तुम्हीच. मग काय पुसतां! दिवाणजींनीं लांब मान आपली ओळखिली, कोठीवाल्यांनीं लठ्ठपण, सेनापतींनीं झोंप, पंतोजींनीं वासलेली चोंच. फडणिसांनीं कडेचें बदक आपलें मानिलें होतें, तें गेल्याचें कळतांच अंथरूण धरिलें. कोणी म्हाळसेकडे भोपळा घेऊन आले, कोणी पेढे, आणि सर्वांचें बोलणें एकच, आमचें शेवटीं काढ. म्हाळसेनें भोपळा ठेवून घेतला आणि पटाशी जेथें सोयीची तेथें चालविली. असें तीन बदकें जाऊन सातांचे कागद छापले, तों दिवाणजींनीं ठराव आणिला कीं, बदकांस अभय दिलें आहे, पुढील हुकुमापर्यंत फळीस पटाशी लागूं नये. सात जणांनीं माना हलविल्या. ज्यांचीं गेलीं होतीं ते तिघे मात्र म्हणाले, विद्येचें काम अर्धें राहणें बरें नव्हे.

दसऱ्यास आठ दिवस उरले आणि पुस्तक सातावर अडलें. म्हाळसेस फार वाईट वाटलें. तिनें पोरीस जवळ घेऊन म्हटलें, "बाईसाहेब, फुडली बदकं आता मनातल्या मनात तासून काडा. तितं दिवाणजीचा हुकूम चालत न्हाई."

मग दसऱ्याचा दरबार भरला. दहा मानकरी ओळीनें बसले, म्हाळसा दाराशीं मूठ आंवळून उभी राहिली, आणि ताईसाहेब उठून म्हणाल्या, "एक, दोन, तीन," आणि छडी दिसली, आणि चार सांपडेना. पंतोजी खाकरले. तेव्हां पोरीची नजर त्या ओळीवरून या टोंकापासून त्या टोंकापर्यंत फिरली, आणि म्हाळसेनें जाणिलें कीं ती फळी पाहते आहे.

"दहा," ताईसाहेब बोलिल्या, आणि दिवाणजींकडे बोट केलें, "दिवाणजी, तुम्ही बाहेर जा."

दिवाणजी महाराजांकडे पाहूं लागले. महाराज म्हणाले, "जा." दिवाणजी गेले. "नऊ," म्हणतांच कोठीवाले गेले, "आठ," सेनापतींस जागें करून पाठविलें, आणि असें करतां करतां "एक" म्हणावयास पंतोजी उरले, ते छाती काढून म्हणाले, "महाराज, हें सारें उलटें जाहलें!"

"मग तुम्हीपण जा," ताईसाहेब म्हणाल्या, आणि ओळ मोकळी जाहली. मग त्या दाराशीं गेल्या आणि हांक मारिली, "एक." शेवटीं गेलेले पंतोजी दाराजवळच होते ते आंत आले, छडी बाहेरच राहिली. "दोन, तीन, चार," चार आपल्या पायांनीं चालत आला, आणि नऊपर्यंत सर्व येऊन बसले. बाहेर अंगणांत दिवाणजी एकटे, पागोट्याच्या शेवानें डोळे पुशीत होते.

"दहा," ताईसाहेब म्हणाल्या. "या दिवाणजी. तुमच्यावांचून दहा होत नाहींत."

दिवाणजींनीं पोरीचें बोट धरिलें आणि आंत आले. म्हाळसेनें पदर डोळ्यांस लाविला. दुसरे दिवशीं सकाळींच दिवाणजी तिच्या दारीं आपला ठराव फाडून घेऊन आले आणि म्हणाले, "म्हाळसाबाई, आतां पहिलें आमचें काढा."

"तुमचं कंचं?"

"तें लांब मानेचें."

"अवो, त्यो तर आमच्या तळ्यातला लंगडा नर हाय!" म्हाळसा म्हणाली, आणि पटाशी लाविली.

येणेंप्रमाणें पुस्तक सिद्धीस गेलें. फळी कोरी जाहली, तिचा ताईसाहेबांस जेवावयाचा पाट केला. मानकरी दहा होते ते यथाकाळें एक एक करून गेले. बदकें शंभर घरीं अद्याप दहाच आहेत.