दुधडीला आलेली तीन विद्यापीठं

बारावीचा निकाल लागल्यावर नवव्या दिवशी तीन विद्यापीठं दुर्गा धोत्रेला भेटायला दुधडी गावी यायला निघाली, आणि ग्रामपंचायतीकडे जागा दोघांपुरतीच होती.

नव्वद टक्क्यांच्या वरच्या विद्यार्थ्याच्या गावी विद्यापीठानं स्वतः जाऊन मुक्काम करायचा, हा नियम जुनाच. पण दुधडीत आजवर नव्वदच्या वर कुणी गेलं नव्हतं. दुर्गाला त्र्याण्णव टक्के पडले, त्यामुळे ग्रामसेवक ढवळे यांना परिपत्रक पहिल्यांदाच उघडावं लागलं. ते त्यांनी दोनदा वाचलं आणि मग दुर्गाच्या घरी आले.

"वसतिगृह, ग्रंथालय, भोजनगृह, एवढ्यांसकट येणार," ते म्हणाले. "एक बाजारतळावर बसंल, एक गायरानात. तिसऱ्याला ओढ्याच्या पल्याड थांबावं लागंल. चालंल का?"

"त्यांना विचारा," दुर्गाची आई यल्लूबाई म्हणाली. "आम्हाला काय, कुठंबी थांबू द्या."

दुर्गाचे वडील नामदेव, म्हणजे अप्पा, दारातल्या ओट्यावर बसून होते. ते गवंडी. तीन वर्षांपूर्वी परांचीवरून पडले तेव्हापासून उजव्या हाताची पकड गेली होती. थापी ते डाव्या हातानं धरत. विटा उचलून देणं, माल कालवणं, दोरी ताणणं हे सगळं दुर्गा करायची, आधी शाळा सुटल्यावर आणि मग कॉलेज सुटल्यावर. ती कुठं तरी शिकायला गेली तर हे कोण करणार, हा प्रश्न घरात सगळ्यांना ठाऊक होता आणि कुणीच तो काढत नव्हतं.

सोमवारी सकाळी पहिलं विद्यापीठ आलं. ते काळ्या दगडाचं, दीडशे वर्षांचं, चारशे किलोमीटरवरून चालत आलेलं. वाटेतल्या विजेच्या तारांखालून जाताना त्याचा घड्याळाचा मनोरा वाकून वाकून अवघडला होता. आत तास चालूच होते. बाजारतळावर बसताना त्यानं फक्त लिंबाची एक फांदी मोडली, आणि त्याबद्दल कुलसचिव निमकर मॅडमनी ढवळ्यांकडे लेखी दिलगिरी व्यक्त केली.

"तुम्हाला भूगर्भशास्त्र हवंय ना?" निमकर मॅडमनी दुर्गाला विचारलं. "बेलसरे सरांचा तास पाच मिनिटांत सुरू होतोय. बसा मागे."

दुर्गा मागच्या बाकावर बसली. बेलसरे सर म्हातारे होते. त्यांनी टेबलावर काळ्या दगडाचा एक मोठा तुकडा ठेवला होता आणि तो कुठं फुटेल हे कसं ओळखायचं, ते फळ्यावर लिहीत होते. दुर्गाला राहवलं नाही. ती उभी राहिली.

"सर, ऐकू येतं की ते."

"काय ऐकू येतं?"

"हातोडी हळू मारत गेलं की आवाज एका जागी बसतो. तिथं फुटतो. आमचे आजोबा तसेच फोडायचे."

सरांनी खडू खाली ठेवला. हातोडी मागवली. दुर्गानं दगड फिरवत फिरवत ठोकला, एका जागी थांबली आणि घाव घातला. दगडाची दोन सरळ शकलं झाली. वर्गात कुणी हसलं नाही. सरांनी ती शकलं एकमेकांना जुळवून पाहिली.

"तीस वर्षं शिकवतोय," ते म्हणाले. "हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही आलात तर आवाज का बसतो, ते आपण दोघं मिळून शोधू."

त्या दिवशी दुर्गाला दुपारी भूक लागली नाही.

मंगळवारी दुसरं विद्यापीठ गायरानात उतरलं. ते आपलं तळं बरोबर घेऊन आलं होतं. परिपत्रकात तळ्याचा उल्लेख नव्हता, म्हणून ढवळ्यांनी आधी हरकत घेतली आणि गावची जनावरं पाणी प्यायला लागल्यावर ती मागे घेतली. इथल्या मुलींनी दुर्गाला हाताला धरून आत नेलं. नाटकाची तालीम चालू होती आणि हवालदाराचं काम करणारी मुलगी आजारी होती. दुर्गाला टोपी घातली, मिशी चिकटवली. तिला एकच वाक्य बोलायचं होतं. ते ती चार वेळा चुकली आणि चारही वेळा सगळ्याजणी हसून खाली बसल्या. तीही बसली. आपण इतक्या मोठ्यानं शेवटचं कधी हसलो, हे तिला आठवेना. संध्याकाळी तळ्याकाठी पाय सोडून बसल्यावर तिला एकाएकी वाटलं, आपण अठरा वर्षांच्या आहोत हे आपल्याला आजच कळलं.

तिसरं विद्यापीठ गुरुवारी पोचलं. अंतर फक्त अडतीस किलोमीटर, पण त्याचा एक कोपरा खचला होता आणि त्याला भरभर चालवत नव्हतं. ओढ्यापलीकडे ते एका बाजूला झुकून बसलं. त्याचे कुलसचिव साळवे सर पुढं चालत आले आणि आधी पाणी प्यायले.

"खोटं नाही सांगत," ते दुर्गाला म्हणाले. "भूगर्भशास्त्राचे आमच्याकडं एकच प्राध्यापक आहेत. तेही दिवाळीत निवृत्त होतील. पण तुम्ही रोज घरून येऊ शकता. सकाळच्या एसटीनं यायचं, चारच्या एसटीनं घरी."

यल्लूबाईनं त्यांना दुसरा तांब्या भरून दिला. "घरून जाता येतंय," ती नुसतंच म्हणाली, आणि आत गेली.

शुक्रवारी ढवळ्यांनी निवड प्रपत्र आणलं. त्यात प्रत्येक विद्यापीठापुढे तीन रकाने होते: अध्यापन, परिसरजीवन, अंतर. प्रत्येकी दहापैकी गुण द्यायचे. दुर्गा ओट्यावर बसून दुपारपर्यंत लिहीत राहिली. दगडी विद्यापीठाला तिनं दहा, चार आणि एक दिला. तळ्याच्या विद्यापीठाला चार, दहा, एक. जवळच्याला दोन, तीन, दहा. ढवळ्यांनी बेरजा केल्या. तिन्हींना पंधरा आले.

"पुन्हा बघ," ढवळे म्हणाले. "कुठं अर्धा गुण कमी-जास्त?"

"खरे तेवढेच दिलेत."

ढवळ्यांनी परिपत्रक उलटं केलं. मागच्या बाजूला बारीक अक्षरात होतं: गुण समान झाल्यास पालकाचं मत विचारात घ्यावं.

"अप्पा कुठं हायेत?" त्यांनी विचारलं.

अप्पा सकाळपासून घरात नव्हते. दुर्गा प्रपत्र घेऊन त्यांना शोधत ओढा ओलांडून गेली. ते तिसऱ्या विद्यापीठाच्या खचलेल्या कोपऱ्याशी उभे होते. भेग उकरून मोकळी केली होती आणि ते डाव्या हातानं माल भरत होते. शेजारी कुलसचिव साळवे शर्टाच्या बाह्या वर करून घमेलं धरून उभे होते. इतिहासाचे दोन विद्यार्थी माल कालवत होते आणि पाणी जास्त घातल्याबद्दल बोलणी खात होते.

"अप्पा, तुमचं मत पायजे."

"कशाला?"

"बरोबरी झाली."

नामदेवांनी थापी पुसली. "त्या दगडवाल्यात काय शिकवणार तुला?"

"दगड का वाजतो ते."

"अन् तळंवाल्यात?"

"तिथं बरं वाटतं, अप्पा."

"अन् हितं?"

दुर्गानं प्रपत्राची घडी घातली. साळवे सरांनी मान खाली घातली.

"माझ्या बापाला दगड ऐकू यायचा," नामदेव म्हणाले. "का येतो, ते त्याला कुणी सांगितलं न्हाई, अन् त्यानं कुणाला इचारलं न्हाई. मला तर ऐकूच आलं न्हाई कधी, म्हणून मी इटा धरल्या. तू जा."

"तुमच्या हाताखाली कोण?"

"हे सायेब हायेत की सध्या." त्यांनी साळवे सरांकडं बोट केलं. "जरा ढिले हायेत. होतील नीट."

"आम्ही उद्या निघणार होतो," साळवे सर हळूच म्हणाले.

"कसं निघता? ओल्या गिलाव्याला सात दिवस पाणी मारावं लागतं. हालवलं की तडकंल. अन् पलीकडचा कोपराबी बघायचाय."

साळवे सरांनी थोडा विचार केला आणि मुक्काम वाढवण्याचा अर्ज करायचं ठरवलं. दुर्गानं अप्पांच्या हातात पेन दिलं. त्यांनी डाव्या हातानं दगडी विद्यापीठापुढे मोठी, वाकडी सही केली. पेन परत देताना त्यांचा हात तिच्या हातावर थोडा जास्त वेळ राहिला. मग ते भिंतीकडं वळले आणि पुन्हा माल भरू लागले.

शनिवारी सकाळी तळ्याचं विद्यापीठ गेलं. मुलींनी खिडकीतून मिशी फेकली, ती दुर्गानं पकडली. दुपारी दगडी विद्यापीठ उठलं. दुर्गाची खोली दुसऱ्या मजल्यावर, पूर्वेकडची. विद्यापीठं माणसाच्या चालीनंच चालतात, त्यामुळे यल्लूबाई खिडकीखालून बोलत बोलत ओढ्यापर्यंत बरोबर आली. अंथरुणाचं, तेलाच्या बाटलीचं, पोरींशी भांडू नको, असं सगळं बोलून झालं. ओढ्यात पाणी होतं. ती काठावर थांबली आणि विद्यापीठ पुढं गेलं. पलीकडं भिंतीवर पाणी मारणारे अप्पा दिसले. त्यांनी बादली उंच धरली. गाव दिसेनासं व्हायला दोन तास लागले, आणि ते दोन तास दुर्गा खिडकीत उभी होती.

दुसऱ्या दिवशी घाटात समोरून आणखी एक विद्यापीठ आलं. रस्ता अरुंद होता. दोन्हीकडचे कुलसचिव खाली उतरले आणि कुणी मागं सरायचं यावर बोलणं सुरू झालं. दोन्ही इमारती इतक्या जवळ आल्या होत्या की दुर्गाच्या खिडकीसमोर दुसरी खिडकी आली. तिच्यात एक मुलगी बसली होती. पायाशी न सोडलेली वळकटी होती.

"कुठली गं तू?" तिनं विचारलं.

"दुधडीची. जिंतूरजवळ. तू?"

"मी कुरुंदवाडची. रडलीस का निघताना?"

"ओढ्यापर्यंत नाही. मग रडले."

"मी पुलापर्यंत नाही," ती मुलगी म्हणाली.

खाली निमकर मॅडमनी परिपत्रकात शोधून काढलं की चढणाऱ्यानं आधी जायचं. समोरचं विद्यापीठ डोंगराला अंग चिकटवून उभं राहिलं. त्या मुलीनं खिडकीतून अर्धी शेंगदाण्याची चिक्की पुढं केली. दुर्गानं ती घेतली, आणि दगडी विद्यापीठाच्या मनोऱ्यानं वळण घेतलं.