सुकुमार दुकान उघडू देत नाही

मोटारसायकलला किक मारण्याआधी सुकुमार टाकीचं झाकण उघडून आत डोकावतो. काटा अर्धी टाकी दाखवत असला तरी. ‘‘काटा बिघडला असंल तर?’’

असल्या माणसाकडे मी माझ्या हळदीच्या ऑनलाइन दुकानाचा प्रोग्रॅम सोपवला, आणि ऐन लग्नसराईत त्यानं दुकानच बंद पाडलं!

त्याच्याआधी माझ्या पुतण्यानं प्रोग्रॅम लिहिला होता. घरपोच माल फुकट, म्हणून मी सेटिंगमध्ये पोहोचवण्याचा खर्च शून्य लिहिला. पुतण्याच्या जावास्क्रिप्टनं शून्य म्हणजे काहीच लिहिलं नाही असं धरून आपल्या मनाचे ऐंशी रुपये लावले. गिऱ्हाइकांनी माझा उद्धार केला. सुकुमार हसलासुद्धा नाही.

‘‘तात्या, शून्य हे उत्तर हाय. रिकामं म्हंजे उत्तरच न्हाई.’’

त्यानं चूक दुरुस्त केली, पण वर पहारा बसवला. सेटिंगमधली एकही जागा रिकामी दिसली, की दुकान उघडायचंच नाही.

तक्रारीच्या नंबरची जागा मी मुद्दाम रिकामी ठेवली होती. तक्रारी ऐकत बसलो तर हळद कधी विकू? सकाळी पाहतो तर दुकान बंद. पडद्यावर एकच ओळ: ‘तक्रारीचा नंबर दिलेला नाही.’ त्याला फसवायला मी त्या जागेत नुसता स्पेसबार दाबून ठेवला. पठ्ठ्यानं कोऱ्या जागाही पकडल्या! तेव्हा मी फोन लावला.

‘‘आरं, काढ ती तपासणी!’’

‘‘नंबर द्या, तात्या.’’

‘‘तुझाच टाक.’’

‘‘हळद तुमी विकताय.’’

तणतणत पलूसला त्याचं घर गाठलं. घरात तो आणि वडील, दोघंच. अर्धांगानं अप्पांची वाचा गेलेली. सुकुमार भाताची ताटली घेऊन समोर बसला होता.

‘‘अप्पा, दूध घालू?’’

अप्पा गप्प.

‘‘घाल की रं! न्हाई म्हणालेत का?’’ मी ओरडलो.

‘‘व्हय बी म्हणाले न्हाईत.’’

तो थांबला. भात निवत चालला.

‘‘भावकीतली येत्यात, न इचारता भरवून जात्यात,’’ तो हळूच म्हणाला. ‘‘मग ह्ये दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडत्यात.’’

बऱ्याच वेळानं अप्पांच्या डाव्या हाताचं बोट हललं. सुकुमारनं दूध ओतलं.

माझा राग आजही गेलेला नाही. पण तिथंच उंबऱ्यावर बसून मी मोबाइल काढला आणि रिकाम्या जागेत स्वतःचा नंबर लिहिला. दुकान उघडलं.

‘‘झालं का समाधान?’’ मी खेकसलो.

त्यानं वर पाहिलंही नाही. दुसरा घास देऊ का, असं तो अप्पांना विचारत होता.