नगराध्यक्षांचा अबोला

समाजाची घडी नीट बसायची असेल तर त्यात कोणीतरी कोणाशी तरी बोलणं टाकलेलं असावं लागतं. जिथे सगळेच सगळ्यांशी बोलतात तिथे शिस्त राहत नाही, आदर तर मुळीच नाही. आमच्या गावाला हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

याचं श्रेय नगराध्यक्षांना जातं, आणि त्याहून थोडं जास्त त्यांच्या वडिलांना. वडील टेलिफोन केंद्रात पर्यवेक्षक होते. दिवसभर परक्या माणसांची बोलणी एकमेकांना जोडून द्यायची आणि संध्याकाळी घरी येऊन तोंड मिटायचं, असा त्यांचा रिवाज. मुलाला काही सांगायचं असलं तर ते बायकोकडे बघून म्हणत, "त्याला सांग, दार लोटून घे." तो दाराशीच उभा असे. (त्यांना त्यांच्या वडिलांनी असंच वाढवलं होतं. ते आजोबा तर बायकोशीही बोलत नसत. मग निरोप कोणामार्फत जात, याचा उलगडा अजून झालेला नाही.)

नगराध्यक्ष आठ-नऊ वर्षांचे असताना एका सुट्टीत वडिलांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. कारण सांगितलं नाही. कारण सांगितलं की शिक्षेला शेवट येतो, एवढं त्यांना कळत होतं. मुलाने आधी आठवतील तेवढ्या चुकांची माफी मागितली. त्या संपल्यावर न केलेल्या चुकांची. शेजाऱ्यांची फुटलेली कुंडी, ताईची हरवलेली कात्री, छताला आलेली ओल, सगळं आपल्या अंगावर घेतलं. वडिलांचे बूट इतके पुसले की त्यांचा रंग गेला. सुट्टी संपत आली तेव्हा एकदा जेवताना वडील म्हणाले, "मीठ दे." मुलगा मीठ देता देता रडला. इतका आनंद त्याला आधी कधी झाला नव्हता. राज्य कसं करावं, हे त्याला त्या दिवशी पूर्ण समजलं. पुढे कॉलेजात त्याने राज्यशास्त्र घेतलं, पण तिथे नवीन काही मिळालं नाही.

निवडून आल्यावर त्यांनी हीच पद्धत पालिकेत आणली. ते सहसा बोलत नाहीत. ते बघतात, किंवा बघत नाहीत. मुख्याधिकारी त्यांच्या भुवयांवरून टिपण काढतात आणि स्वीय सहायक ते खालच्यांना पोचवतो. ज्यांचे वडील घरात आले की आवाज बंद होत असे, असे कर्मचारी या कामात फार लवकर तयार होतात. जिन्यावरच्या पावलांवरून त्यांना दिवस कसा जाणार ते कळतं. लाडात वाढलेला एक कनिष्ठ अभियंता मात्र उपयोगाचा निघाला नाही. त्याने भर बैठकीत विचारलं, "साहेब, काही बिनसलंय का?" अशा माणसाला नगररचनेत ठेवणं धोक्याचं, म्हणून त्याची बदली झाली.

मग नाल्यावरचा साकव मोडला.

नाल्यापलीकडे कारागिरांची वस्ती आहे. गावात यायला जवळची वाट म्हणजे तोच एक लाकडी साकव. एका सकाळी तो मधोमध खचला आणि वस्तीतला म्हातारा सुतार अवजारांच्या पेटीसकट खाली गेला. त्याच्या मांडीचं हाड मोडलं. त्याला खाटेवर घालून चौघांनी लांबच्या रस्त्याने दवाखान्यात नेलं. वस्तीतले लोक पालिकेत गेले. नगराध्यक्षांनी त्यांचं म्हणणं संपेपर्यंत खिडकीबाहेर बघितलं आणि मग उठून गेले.

दुसऱ्या गावात लोकांनी अर्ज, मोर्चा, दगडफेक असं काहीतरी असंस्कृत केलं असतं. आमची माणसं घरंदाज. ती परत येताना एकमेकांना हळूच म्हणाली, "साहेब आपल्यावर रागावलेत." तिथून पुढे वस्तीत एकच विचार सुरू झाला: आपलं काय चुकलं?

सुताराच्या अंगणात बैठक भरली. कोणी म्हणालं, साहेबांच्या सत्कारात आपण घातलेला हार आखूड होता. कोणी म्हणालं, टाळ्या लवकर थांबल्या. सुताराच्या सुनेला तर आठवलं की साहेबांची गाडी जात असताना तिने कचरा टाकला होता, आणि ती घाबरून रडू लागली. शेवटी सगळ्यांना वायरमन आठवला. साहेबांचं भाषण चालू असताना मायक्रोफोन बंद पडला होता आणि तो वायरमनने लावला होता.

"अहो, सगळ्या गावाचीच वीज गेली होती," वायरमन म्हणाला.

हे खरं होतं, आणि म्हणूनच त्याचा राग आला. खरं बोलून आजवर कोणाचा बाप निवळला आहे? वस्तीने त्याला बायकोसह पालिकेच्या पायऱ्यांवर उभं केलं. नगराध्यक्ष त्यांच्यामधून, जणू तिथे वारा उभा आहे, असे गाडीत जाऊन बसले. तेव्हा वस्तीने वायरमनशी बोलणं टाकलं. त्याला कामं येईनाशी झाली. त्याच्या बायकोला नळावर भांडं पुढे सरकवायचं झालं तरी शेजारीण तिसरीला म्हणे, "तिला सांग." महिनाभरात त्यांनी घर आवरलं आणि दुसऱ्या गावी गेले. निरोप द्यायला कोणी आलं नाही; एकदा बोलणं टाकल्यावर निरोप तरी कसा देणार?

याच वस्तीत नगराध्यक्षांची सख्खी थोरली बहीण राहते. ती शिवणकाम करते आणि गाव तिला ताईच म्हणतं. वायरमनचं सामान गेलं त्या रविवारी ती हातातलं परकर-पोलकं टाकून भावाच्या घरी गेली.

त्या घरात आता फार बोलणं असतं, पण एकट्या वडिलांचं. म्हातारपणी त्यांना कंठ फुटला आहे. गुडघा, हवा, जुने टेलिफोन, सकाळचं स्वप्न, असं ते दिवसभर मुलाला सांगत असतात. मुलगा ऐकून घेतो आणि सहायकाला म्हणतो, "त्यांना सांग, औषध घ्या." आई गेल्यापासून तिची जागा रिकामी होती. ती सहायकाने भरून काढली आहे. (त्याचा हुद्दा त्यामुळे वाढलेला नाही.)

ताईने भावाला साकवाबद्दल काही विचारलं नाही. ती वडिलांच्या खुर्चीशी बसली आणि म्हणाली, "बाबा, त्या सुट्टीत तुम्ही याच्याशी बोलत नव्हतात. याचं काय चुकलं होतं?"

भावाच्या हातातला पेला तोंडाशीच थांबला. सहायकाने भिंतीकडे तोंड केलं.

वडिलांनी बराच वेळ आठवून पाहिलं. मग म्हणाले, "याचं? याचं कुठे काय होतं? तेव्हा केंद्रातले मोठे साहेब माझ्याशी बोलत नव्हते."

"का?"

"ते मला कधी कळलंच नाही गं," असं म्हणून ते पुन्हा गुडघ्याकडे वळले.

ताई नंतर सांगायची की त्या घटकेला भावाचा चेहरा इतका लहान झाला की त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. ती उठलीही. त्याचे ओठ हलले. पन्नास वर्षं जो प्रश्न तो पोटात घेऊन हिंडत होता त्याचं उत्तर खुर्चीत बसून गुडघा चोळत होतं. तिला वाटलं, आता हा बोलेल. भावाने पेला खाली ठेवला, शर्टाची बाही नीट केली आणि सहायकाकडे बघून म्हणाला, "ताईंना सांग, मला बैठकीला उशीर होतोय."

(त्या दिवशी बैठक नव्हती.)

ताई वस्तीत परत आली आणि तिने सगळ्यांना बोलावून जे ऐकलं ते सांगितलं. "तुमचं काही चुकलेलं नाही," ती म्हणाली. "तेव्हा त्याचंही चुकलं नव्हतं. मान खाली घालू नका."

लोकांना हायसं वाटेल अशी तिची अपेक्षा होती. बाई मापं घेण्यात हुशार. माणसं ओळखण्यात कच्ची. लोकांचे चेहरे उतरले. चूक असेल तर ती सुधारता येते, माफी मागता येते, आज ना उद्या साहेब निवळतील अशी आशा तरी राहते. चूकच नसेल तर माणसाने करायचं काय? सुतार खाटेवरून म्हणाला, "ताई, लहान तोंडी मोठा घास नको. मोठी माणसं उगाच रागवत नाहीत. माझा बाप मला का मारायचा ते मला अजून कळलेलं नाही, पण काहीतरी असणारच ना?" सगळ्यांनी माना डोलावल्या. बहुतेकांनी आपापल्या बापांच्या वतीने डोलावल्या.

त्यानंतर ताईकडे शिवण येणं कमी झालं, मग बंद झालं. जाता-येता बायका तिच्या दारापासून नजर वळवून घेत. ती मात्र सगळ्यांना नावाने हाका मारत राहिली. हे वागणं गावात फार वाईट दिसलं.

आणि मग तो दिवस आला. पलीकडच्या रस्त्यावर कुठल्याशा कोनशिलेचं काम उरकून नगराध्यक्ष लांबच्या वाटेने वस्तीपाशी आले. गाडीतून उतरले. माणसं हातातली कामं टाकून धावली आणि चार हातांवर थबकली. सुताराला खुर्चीसकट उचलून आणलं. नगराध्यक्षांनी एकेका चेहऱ्याकडे बघितलं, खरंच बघितलं, आणि म्हणाले, "ऊन फार आहे आज."

सुतार ढसाढसा रडला. त्याच्या सुनेने लेकराला उंच धरलं, साहेबांचा आवाज त्याच्या कानावर पडावा म्हणून. "आहे साहेब, फारच आहे," असं लोक एका सुरात म्हणाले, आणि आभाळ तर भरून आलं होतं. त्या संध्याकाळी वस्तीतल्या पुरुषांनी आपापल्या मुलांशी दोन-दोन शब्द बोलल्याची नोंद आहे. पुढच्या निवडणुकीत वस्तीतलं एकूण एक मत साहेबांना पडलं. ताईचंसुद्धा, असं मुख्याधिकारी म्हणतात. ताई नाही म्हणते, पण तिच्याशी कोण बोलतंय?

आता वाचक शहाणे असतात. त्यांना वस्तीतल्या माणसांची कीव आली असेल, थोडं हसूही आलं असेल. येणारच. तुम्ही त्यांच्यासारखे नाही. फक्त ताई भावाच्या घरी गेल्यापासून तुम्हीही एकाच गोष्टीची वाट बघत होतात: साहेब कधी बोलतात. ते बोलले आणि तुम्हालाही जरा बरं वाटलं.

साकव अजून तसाच आहे. तुम्ही विचारलं नाहीत.