नंबर एकचा रक्तदाब

मंगळवारी सकाळी सातूरियो कॉफीत पाव बुडवत होता, तेव्हा टपालाने क्लबचं नवं सभासदपत्र आलं. त्याने ते चष्म्याजवळ नेलं, मग खिडकीजवळ नेलं, मग पुन्हा चष्म्याजवळ आणलं. तोवर पावाचा तुकडा कपात विरघळून गेला. पत्रावर त्याचं नाव होतं, सत्त्याऐंशी वर्षांचा त्याचा चेहरा होता आणि चेहऱ्याखाली आकडा होता: १.

सात वर्षं तिथे २ असायचा.

तोर्रेलामा गावच्या फुटबॉल क्लबात ज्या क्रमाने नाव घालाल तो तुमचा नंबर. वरचं कुणी गेलं की खालचे सगळे एकेक पायरी चढायचे; काही वर्षांनी क्लब नंबर नव्याने लावायचा आणि नवी पत्रं धाडायचा. त्यामुळे क्लबचा इतिहास सातूरियोला सालांनी आठवतच नसे, नंबरांनी आठवे. चौदा वर्षांचा असताना, कौलांच्या भट्टीत कामाला लागला त्या वर्षी, तो ६१२ होता. ४३० होता तेव्हा क्लब लीगच्या दुसऱ्या विभागात चढला, एक हंगाम टिकला आणि उतरला. त्या एका हंगामावर गाव साठ वर्षं बोलत होतं. ९७ होता तेव्हा कागदपत्रांच्या घोळात क्लब कायद्याने मेला आणि पुढच्याच आठवड्यात, त्याच मैदानावर, त्याच विटकरी जर्सीत, नावातला एक शब्द बदलून पुन्हा जन्मला. १९ होता तेव्हा क्लब पाचव्या विभागात घसरला. तिथेच आहे.

आणि २ झाल्यावर त्याच्यापुढे एकच माणूस उरला. गुमेर्सिंदो. जो पहिल्या दिवशी ६११ होता.

त्या दिवशी सातूरियो उजाडल्यापासून रांगेत होता. गुमेर धापा टाकत उशिरा आला. सातूरियो एक पाऊल मागे सरला आणि म्हणाला, "ये, घुस."

या दोन शब्दांचा पश्चात्ताप त्याला त्र्याहत्तर वर्षं पुरला होता.

दिसणारा अर्धा

गुमेर मैदानासमोरच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहायचा. लिफ्ट नव्हती आणि त्याचा खुबा गेलेला, म्हणून तो सहा वर्षं खाली उतरला नव्हता. बाल्कनीतून त्याला अर्धं मैदान दिसायचं. उरलेल्या अर्ध्यावर नव्या स्टँडचं छप्पर आडवं आलं होतं. मैदानाच्या मधोमध चुन्याचा ठिपका असतो ना, तो छपराच्या कडेखाली जेमतेम लपायचा.

म्हणून दर रविवारी सामना संपला की सातूरियो चार मजले चढायचा आणि गुमेरला न दिसलेला अर्धा सांगायचा. कोण पडला, कोणी पाडलं, पंच कसा आंधळा. त्याआधी दारातच एक ठरलेली देवघेव व्हायची.

"रक्तदाब कसा आहे?" सातूरियो विचारी.

"बरा आहे. तुला अजून थांबावं लागेल," गुमेर म्हणे.

दोघंही हसत. गुमेर जरा जास्त हसे.

न दिसणारा अर्धा

तर गुमेर जिवंत होता. सोमवारी संध्याकाळी सातूरियोने नेहमीसारखी त्याच्या दाराला पावाची पिशवी अडकवली होती आणि आतून शिव्या ऐकल्या होत्या, की पाव करपलाय. मग हा १ आला कुठून?

सातूरियो उठला आणि कपाटाकडे गेला. हिवाळी कोटाच्या आतल्या खिशात हात घातला. खिशात एक घडी केलेला कागद होता. ऐंशीच्या वरच्या सभासदांकडून क्लबने यंदा हयातीचा दाखला मागवला होता: सही करा, परत पाठवा, नाही आला तर सभासद गेला असं धरू. गुमेरने सही करून तो सातूरियोकडे दिला होता. "जाता जाता टाक." त्याच आठवड्यात ऊन वाढलं, कोट कपाटात गेला.

तो विसरला होता. अगदी खरोखर विसरला होता. कपाटासमोर उभं राहून त्याने हे स्वतःला दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा उत्तर तेच आलं, फक्त दुसऱ्यांदा जरा हळू.

तो कागद घेऊन क्लबच्या कचेरीत गेला. तिथे आमाया बसायची, क्लबची सचिव, सत्तावीस वर्षांची, सगळे सभासद एकटीने संगणकात भरणारी.

"आमाया, हे पत्र आलंय ना, त्यात..."

ती खुर्चीतून उठली आणि तिने त्याला मिठीच मारली. "आजोबा, मला माहितीये. तुम्ही भावासारखे होतात."

"नाही, म्हणजे..."

"काही बोलू नका. मी सगळं केलंय. काळ्या फिती सांगितल्यात, फुलांचं चक्र सांगितलंय, रविवारी एक मिनिट शांतता. आणि शताब्दीचा सामना आहे ना, तर मानाची पहिली किक सभासद नंबर एकची. म्हणजे तुमची. मधोमध. ठिपक्यावरून."

सातूरियोचं तोंड उघडं होतं. त्यातून काही बाहेर पडणार होतं. पण त्र्याहत्तर वर्षं तो त्या ठिपक्याकडे कठड्याच्या अलीकडून बघत होता. सोळाव्या वर्षी निवड चाचणीला गेला तेव्हा त्यांनी त्याला बाजूरेषेवरूनच परत पाठवलं होतं. गवतावर त्याचा पाय पडला नव्हता.

"कोणते बूट घालू?" तो म्हणाला.

बुधवारी क्लबच्या दारावर काळ्या चौकटीतली सूचना लागली. बेकरीवाल्या बाईने ती वाचली आणि गुमेरचा पाव बंद केला. सातूरियोने दोन पाव मागितले.

"दोन कशाला आता?"

"भूक वाढलीये."

"दुःखात होतं असं," बाई म्हणाली आणि तिसरा तसाच दिला.

तिन्ही पाव दाराला अडकले. आतून आवाज आला, "आज काय लग्न आहे का?" सातूरियोने सगळं सांगायचं ठरवून हात उचलला, तो दारावर न वाजवताच खाली घेतला आणि जिना उतरला. गुरुवारी तिसऱ्या मजल्यापर्यंत जाऊन परतला. शुक्रवारी दुसऱ्या.

शनिवारी गावच्या रेडिओवाल्याने बोलावलं. "मित्राबद्दल दोन शब्द." सातूरियो माइकसमोर बसला. गुमेर कानाने अधू, रेडिओ ऐकत नाही, ही एकच गोष्ट त्याला धीर देत होती. त्याने ठरवलं होतं, पटकन काहीतरी बोलायचं आणि निघायचं.

"तो फार हट्टी," तो म्हणाला. "त्याला सगळं माहीत असायचं. त्या दुसऱ्या विभागातल्या हंगामात आम्ही सायकलवरून बाहेरगावचे सामने बघायला जायचो. एकच सायकल. चढावर मी, उतारावर तो." इथे तो थांबला. "आता रविवारी मी दुसरा अर्धा कुणाला सांगू?"

हे त्याने ठरवलेलं नव्हतं. रेडिओवाल्याने गाणं लावलं.

एक मिनिट

रविवार, दुपारचे बारा. जुन्या स्टँडमध्ये लोक सूर्यफुलाच्या बिया फोडत होते. सातूरियो खेळाडूंबरोबर मधल्या वर्तुळात उभा होता, इस्त्रीच्या कोटात, पॉलिश केलेल्या बुटांत. ठिपका त्याच्या पायाशी होता. वाटला होता त्याहून लहान होता. भोंग्यातून गुमेरचं पूर्ण नाव घेतलं गेलं आणि पंचाने शिट्टी वाजवली.

सेकंद १ ते १०. बिया फोडणं थांबलं.

सेकंद ११ ते १९. सातूरियोने मान खाली घातली. इथून छपरामुळे बाल्कनी दिसत नव्हती, तरी मान वर करायची त्याची छाती होईना.

सेकंद २०. समोरच्या जुन्या स्टँडमध्ये, पहिल्या रांगेत, ओब्दुलियाबाई बसली होती. औषधांच्या दुकानवाल्याची विधवा, सभासद नंबर ३. नव्हे, मंगळवारपासून २. तिच्या जागेवरून ती इमारत समोरासमोर दिसते.

सेकंद २३. ओब्दुलियाबाईने वर बघितलं.

सेकंद २४ ते ३०. तिचं तोंड उघडलं. सातूरियोला तिच्या तोंडावर सगळं वाचता आलं: चौथ्या मजल्यावर मृत सभासद गुमेर्सिंदो काठी टेकून उभा राहिलाय, टोपी काढून छातीशी धरलीये, कुणीतरी गेलंय म्हणून मान लववून श्रद्धांजली वाहतोय.

सेकंद ३१ ते ३५. तिचं बोट वर जाऊ लागलं.

सेकंद ३६. मग तिला काहीतरी आठवलं असावं. बोट खाली आलं आणि तिने ते हातपिशवीत ठेवलं. पिशवीत तिचं नवं सभासदपत्र होतं.

सेकंद ४०. तिने मान खाली घातली. इतरांपेक्षा जरा जास्तच.

सेकंद ४१. पंचाला जेवायला उशीर होत होता. त्याने शिट्टी वाजवली.

टाळ्या झाल्या. सातूरियोने ठिपक्यावरच्या चेंडूकडे बघितलं आणि लाथ मारली. चेंडू वाकडातिकडा, उड्या मारत, छपराच्या सावलीतून बाहेर पडला आणि दिसणाऱ्या अर्ध्यात जाऊन थांबला.

मध्यंतराला सभासदांच्या नंबरांची सोडत झाली. बक्षीस, खारवलेली आख्खी डुकराची तंगडी. आमायाने डब्यातून चिठ्ठी काढली, उघडली आणि तिचे डोळे भरून आले.

"नंबर एक," ती म्हणाली.

दोन्ही अर्धे

आठ किलोची तंगडी खांद्यावर घेऊन सातूरियो चार मजले चढला. प्रत्येक मजल्यावर त्याने एक वाक्य तयार केलं आणि पुढच्या मजल्यावर ते टाकून दिलं. दार उघडंच होतं. गुमेर बाल्कनीतून वळला, त्याने आधी तंगडी बघितली, मग माणूस.

सातूरियोने आज रक्तदाब विचारला नाही.

"कोण गेलं रे?" गुमेर म्हणाला.

"तू," सातूरियो म्हणाला. आणि मग खाली बसून त्याने सगळं सांगितलं. कोट, दाखला, आमायाची मिठी, तीन पाव, रेडिओ. घडी केलेला कागद टेबलावर ठेवला. "उद्या नेऊन देतो. पत्र परत करतो. ही तंगडीही तुझीच."

गुमेरने कागद उलटसुलट करून बघितला. कान अधू असल्यामुळे ऐकू आलं की नाही, हे कळेना.

"एक्केचाळीस सेकंद," तो शेवटी म्हणाला. "मोजले मी. जिवंतपणी कळलं असतं तर तक्रार केली असती."

"मी म्हणालो ना, उद्या..."

"गप. ती किक तू मारलीस, ते मला तेव्हाच कळलं."

"छपराआडून?"

"चेंडू आला ना बाहेर. मागे माणूस नाही, काही नाही, नुसता चेंडू, दारू प्यायलेल्यासारखा. अंगठ्याने लाथ मारणारा या गावात एकच आहे. नऊ वर्षांचा होतास तेव्हापासून सांगतोय, पायाच्या आतल्या बाजूने मार." त्याने पाय टेबलाखाली लांब केले. "कसा आहे?"

"काय?"

"ठिपका. तो कधी दिसत नाही मला. सांग की."

सातूरियोला आठवेना. त्र्याहत्तर वर्षं ज्याची वाट बघितली ते मिनिटभरात होऊन गेलं होतं, आणि त्यातला निम्मा वेळ तो ओब्दुलियाबाईचं तोंड बघत होता. त्याने पाय उचलून खुर्चीवर ठेवला. पॉलिश केलेल्या काळ्या बुटाच्या टोकाला चुना लागला होता. गुमेर वाकला. खुबा दुखत असतानाही वाकला, बोटाने चुना टिपला आणि उन्हात धरून बघितला.

"बारीक आहे," तो म्हणाला. "आपल्या वेळी जाडा असायचा."

त्याने ते बोट पुसलं नाही. दुसऱ्या हाताने हयातीचा दाखला उचलला, चार तुकडे केले आणि बाल्कनीतून सोडून दिले.

"अरे, वेडा झालास?"

"सात वर्षं एक नंबर होतो मी. त्या सात वर्षांत मला कुणी सामन्याबद्दल विचारलं नाही, सगळे रक्तदाब विचारायचे. तूसुद्धा. त्या पोरीला सांग, माझं नाव नव्याने घाल. शेवटचा नंबर किती आहे?"

"बाराशे चार."

"मग मी बाराशे पाच. माझ्या आधी बाराशे चार माणसांनी जायचंय. निवांत आहे मी." तो हसला, नेहमीपेक्षा जास्त. "आणि सुरी आण. गोल कोणत्या बाजूला झाला? तिकडे ना? पहिल्यापासून सांग."

सातूरियोने सुरी आणली, पहिला पातळ काप काढून मित्रापुढे ठेवला आणि तो न दिसलेला अर्धा सांगू लागला. त्याच्या गोष्टीतला डावा बचावपटू नुकताच घसरून पडला होता, तेवढ्यात दारावर टकटक झाली.

दारात ओब्दुलियाबाई उभी होती. चार मजले चढून धापा टाकत होती आणि तिच्या हातात मुरंब्याची बरणी होती. खुर्चीत बसून तंगडी चघळणाऱ्या गुमेरकडे तिने ढुंकूनही बघितलं नाही. तिच्या हिशेबी ती खुर्ची रिकामी होती. ती सरळ सातूरियोपाशी आली आणि तिने मायेने त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"इतके जिने चढता या वयात," ती म्हणाली. "रक्तदाब कसा आहे?"

सातूरियोने गुमेरकडे बघितलं. गुमेरने खांदे उडवले आणि स्वतःच दुसरा काप काढून घेतला.

"बरा आहे, बाई," सातूरियो म्हणाला. "तुम्हाला अजून थांबावं लागेल."