आप्पांचं हातकणंगलं

शाहूपुरीतल्या त्या इमारतीत राहायला जाऊन आम्हाला आठवडाही झाला नव्हता. सकाळी दारावर थाप पडली. दारात धोतर, बंडी आणि कपाळावर ठसठशीत भस्म, असा एक उंच म्हातारा उभा. समोरच्या ब्लॉकमधले आप्पा. ना ओळख, ना पाळख, त्यांनी थेट विचारलं, "आमचं हातकणंगलं तुमच्याकडं आलंय का?"

मला वाटलं, म्हातारबुवांना भ्रम झालाय. तालुक्याचं अख्खं गाव माझ्या घरात कशाला येईल? मी नाही म्हणाले. त्यांनी माझ्या खांद्यावरून स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत नजर टाकून खात्री करून घेतली आणि जिना चढून वर गेले. थोड्या वेळानं वरच्या मजल्यावरच्या पोवार वहिनींचा आवाज आला. हातकणंगलं त्यांच्याकडं होतं. पोरांनी त्यात सरबत भरून ठेवलं होतं, त्याबद्दल त्या बोलणी खात होत्या.

नंतर वहिनींनीच मला उलगडा केला. हातकणंगलं म्हणजे अर्ध्या लिटरची, पट्टा लावलेली, पाण्याची बाटली.

आप्पांचं पूर्वी गुळाचं दुकान होतं. ते बंद केलं तेव्हा गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, ठेवायची सागवानी मांडणी तेवढी त्यांनी घरी आणली होती. तिच्यावर आता बाटल्या राहत होत्या. काचेच्या, प्लास्टिकच्या, शाळेच्या पोरांच्या गळ्यातल्या, कोल्ड्रिंकच्या मोठ्या. प्रत्येकीचं टोपण दोऱ्यानं तिच्याच गळ्याला बांधलेलं. एकीचं टोपण दुसरीला लावणं आप्पांना मंजूर नव्हतं. "वास बदलतोय पाण्याचा," म्हणायचे. सकाळी सहाला त्यांच्या घरातून खळखळ ऐकू यायची. तांदळाची कणी आणि खडे मीठ घालून बाटल्या धुणं चालायचं. धुऊन झाल्या की गॅलरीतल्या खुंट्यांवर त्या उलट्या लटकायच्या. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, वटवाघळं झोपलीत.

बाटलीचं नाव प्रवासावरून. जितका प्रवास लांब, तितकी बाटली मोठी. हातकणंगल्याहून मोठं कुरुंदवाड. ते काचेचं होतं, लोकरीचा अंगरखा घातलेलं. पुणं म्हणजे दोन लिटरची गलेलठ्ठ. मुंबईला जाणाऱ्याला एक पुणं आणि एक हातकणंगलं मिळायचं. कुरुंदवाड एकदा आमच्या यजमानांच्या हातून तडकलं, तर आप्पांनी आठवडाभर जिन्यात भेटेल त्याला सांगितलं, "कुरुंदवाड गेलं हो आमचं." एक पाहुणे घाबरून विचारायला लागले, पूर आला की काय.

कोण कुठं निघालंय याचा वास आप्पांना आदल्या दिवशी लागायचा. आपण कुलूप लावून वळावं, तर हे भरलेली बाटली घेऊन उभे. नको म्हणायची सोय नव्हती. "टोपण घट्ट हाय का बघ की," एवढं म्हणून हातात द्यायचे.

खरी परीक्षा परतीला. बाटली दारातून देऊन चालायचं नाही. आपण आत जायचं, मांडणीवर तिच्या जागेवर आपल्या हातानं ठेवायची, मग चहा घ्यायचा आणि प्रवासाची हकिगत सांगायची. गाडीत जागा मिळाली का, शेजारी कोण होतं, पाणी पुरलं का, शेजाऱ्याला विचारलंस का. आमचे यजमान कारखान्यातून दमून यायचे. एकदा त्यांनी बाटली गुपचूप आप्पांच्या दाराशी ठेवली आणि सटकले. दहा मिनिटांत आप्पा ती घेऊन आमच्याकडं हजर. कुणीतरी दारात बाटली विसरून गेलंय, आपली तर न्हाय, तुमची हाय का बघा, असं अगदी गंभीरपणे विचारत होते. बाटलीचा पट्टा त्यांनीच शिवलेला! यजमान मुकाट्यानं उठले, समोर गेले आणि तासाभरानं चहा पिऊन आले.

आप्पा स्वतः मात्र कुठंच जात नसत. आम्ही यायच्या आधीच्या वर्षी त्यांची बायको गेली, तेव्हापासून रंकाळा तळ्यापलीकडं गेले नव्हते, असं वहिनी सांगायच्या. मी एकदा म्हटलं, आप्पा, तुम्हीही कधी वाडीला दत्तदर्शनाला चला की. तर म्हणाले, "मी गेलो तर अव्वा, तुमाला बाटल्या कोण देणार?" ते मूळचे सीमेवरच्या गावचे. कानडीत आईला अव्वा म्हणतात. त्यांच्याकडं लेकीसुनांनाही लाडानं तेच.

मांडणीच्या सगळ्यात वर एक स्टीलची बाटली होती, झाकणाचा पेला होणारी. तिचं नाव बेंगळूर. ती मात्र कुणालाच मिळायची नाही. पोवार वहिनींच्या भावाला हुबळीला जायचं होतं, त्यानं ती मागून पाहिली. आप्पांनी त्याला दोन पुणी दिली, पण बेंगळूर दिली नाही. मुलगा बेंगळुरात नोकरीला होता, बसवराज. दिवाळीला येईल तो जाताना नेईल, म्हणून ती रोज धुतली जायची, रोज भरली जायची. बसवराज काही दिवाळ्यांना आलाही, पण तो रात्रीच्या आरामगाडीनं जायचा आणि त्या गाडीत पाणी मिळायचं.

मग दोन हजार सालानंतरच्या एका दिवाळीला तो स्वतःची गाडी घेऊन आला. बरोबर बायको आणि छोटी मुलगी. पोरगा गुणाचा. बापाचे हात थरथरतात आणि तरी तो एवढ्या बाटल्या रोज धुतो, हे त्याला बघवलं नाही. त्यानं भिंतीवर पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवून घेतलं, एकसारख्या निळ्या बारा बाटल्या आणल्या आणि पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याला हाक मारली.

मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. खाली हातगाडीवर सगळी गावं एकमेकांवर पडली होती. पुणं, पन्हाळा, तडकलेलं कुरुंदवाड. त्यांच्यावर बेंगळूर उन्हात चमकत होती. आप्पा त्यांच्या गॅलरीत उभे होते. मला राहवेना. मी म्हटलं, आप्पा, वरची ती तरी ठेवून घ्यायची.

"त्याचीच हाय ती," आप्पा म्हणाले. "त्येनं टाकली. आपण काय म्हणायचं?"

दुसऱ्या दिवशी बसवराज निघाला तेव्हा गाडीत मागं विकतच्या पाण्याच्या बाटल्यांचा अख्खा खोका होता. आप्पा फाटकापर्यंत गेले. त्यांचे दोन्ही हात रिकामे होते. ते कुठं ठेवावेत हे त्यांना कळत नसल्यासारखे ते कधी पाठीशी जायचे, कधी बंडीच्या खिशात.

त्यानंतर खळखळ बंद झाली. कुणी गावाला निघालं तरी समोरचं दार उघडेना. खरं सांगायचं तर इमारतीला आधी हायसं वाटलं. यजमान तर म्हणाले, सुटलो. पण संक्रांत आली तरी आप्पा जिन्यात दिसले नाहीत, तेव्हा वहिनी म्हणाल्या, म्हातारा खातोय का काय बघायला पाहिजे. बघायला जायचं, पण काय निमित्त काढून जायचं ते दोघींनाही सुचेना. आजवर बाटलीशिवाय त्या घरात कुणी गेलंच नव्हतं.

पौर्णिमेला मी वाडीला निघाले आणि समोरची कडी वाजवली. बऱ्याच वेळानं दार उघडलं. दाढी वाढलेली. मी म्हटलं, वाडीला चाललेय, पाण्याला बाटली द्या.

त्यांनी मांडणीकडं बोट केलं. निळ्या बाटल्या एका ओळीत उभ्या होत्या, कोरड्या. एकीचंही टोपण फिरवलेलं नव्हतं.

"ह्यातलं वाडीचं कुठलं न पुण्याचं कुठलं?" ते म्हणाले. "सगळ्या एकाच मापाच्या."

मी म्हटलं, कुठलीही द्या. भरल्या का नाहीत पण?

आप्पा खुर्चीवर बसले. माल पडून राहिल्याचं दुकानदारानं सांगावं, तशा आवाजात म्हणाले, "बाराच्या बारा घरातच हाईत अव्वा. एकबी भाईर न्हाय कुणाकडं. मग आता कोण कशाला येतंय हिकडं?"

मी मांडणीवरून तीन बाटल्या काढल्या आणि यंत्राखाली धरल्या. एकटी जाणार आणि तीन कशाला, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, एक मला, एक वहिनींना, एक आमच्या घरात राहू दे. ते उठून माझ्या मागं आले आणि तिन्ही टोपणं एकदा आपल्या हातानं आवळून दिली.

वहिनींना मी जास्त काही सांगितलं नाही. आप्पा नव्या बाटल्या देतात, एवढंच म्हटलं. होळीपर्यंत बाराही बाटल्या बाहेर पडल्या. आता त्यांना गावं नव्हती, माणसं मिळाली. आप्पा जिन्यात ओरडून विचारायचे, "पोवारीण आली का परत?" आणि पोवार वहिनी घरात बसून स्वतःच्या परतण्याची वाट बघितली जातेय हे ऐकायच्या.

असंच एकदा मी मिरजेहून येऊन बाटली द्यायला गेले होते. तेवढ्यात फोन वाजला. बेंगळूरचा होता. मुलाशी ते निम्मं कानडी, निम्मं मराठी बोलायचे. तब्येतीचं झालं, नातीचं झालं. मग त्यानं बाटल्यांचं विचारलं असावं, कारण आप्पा ताठ बसले.

"लई चांगल्या हाईत," ते म्हणाले. "एकबी घरात ऱ्हात न्हाय." पलीकडून काहीतरी विचारणं झालं. "हरवल्या न्हाईत रं. लोकांकडं हाईत."

मग पलीकडचा आवाज बराच वेळ येत राहिला. आणखी बारा पाठवून देतो, असं काहीतरी असावं.

"पाठवू नको," आप्पा म्हणाले. "कुणाच्या हाती देऊ नको. तूच घिऊन ये की."

पलीकडं काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. आप्पा "बरं" म्हणाले, थोडं थांबून पुन्हा "बरं, बरं" म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. हात मात्र तसाच फोनवर राहिला होता. मी चपला शोधायला लागले.

"बस अव्वा," ते माझ्याकडं न बघता म्हणाले. "च्या टाकतो. जागा मिळाली काय गाडीत, सांग."

गाडी रिकामीच होती. पण मी बसले आणि खूप गर्दी होती म्हणून सांगायला लागले.