घरचा चहा, दोन तारे

चूक करायची तर आधी काहीतरी करावं लागतं. मी बत्तीस वर्षं मालवणात एका कचेरीत आवक-जावक टेबलावर बसलो, त्यामुळे माझ्या हातून फारशा चुका झाल्या नाहीत. आलेलं पत्र वहीत नोंदवायचं, गेलेलं पत्र वहीत नोंदवायचं. वहीच्या शेवटच्या रकान्यावर 'शेरा' असं छापलेलं असे. तो रकाना साहेबांचा. साहेब त्यात 'तपासून सादर करा' लिहीत, 'खुलासा मागवा' लिहीत, आणि एकदा माझ्याच रजेच्या अर्जावर 'कारण हास्यास्पद' असंही लिहिलं होतं. (मी तेही इमानेइतबारे नोंदवलं.) पण आपणही कधीतरी कुणावर एक शेरा मारावा, ही इच्छा मनात राहून गेली होती. जानेवारीत मी निवृत्त झालो आणि एप्रिलमध्ये ती पुरी झाली. राहिली असती तर बरं झालं असतं.

आमची मुलगी सृष्टी पुण्याला नोकरी करते. तिची मैत्रीण अपेक्षा सुट्या पानांचा चहा विकायचा धंदा सुरू करत होती. पावडर नव्हे, अख्खी पानं. आपल्यासारख्या साध्या घरात तो कसा लागतो, हे तिला विक्रीच्या आधी बघायचं होतं. सृष्टीने फोनवर विचारलं, "बाबा, सात जातीची चाय पिऊन तिच्यार चार-चार ओळी लिवन देतलात काय?"

मी "बघतंय" म्हणालो, आणि फोन ठेवायच्या आत नवी वही आणायला चप्पल पायात घातली.

खोका आला. त्यात सात पुड्या आणि सूचनांचा एक कागद. तीन मिनिटं पान भिजवा, दूध-साखर घालू नका, आणि घोट घेताना आवाज करून हवेसकट ओढा. शेवटची सूचना मी दोनदा वाचली. आवाज करून चहा पिण्यावरून मी आधी आईची आणि मग बायकोची बोलणी खाल्ली होती. दोघीही चूक होत्या, हे आता छापील कागदावर आलं होतं. मी तो कागद शर्मिलाला (म्हणजे आमच्या हिला) दाखवला. ती कोलंबी सोलत होती. तिने कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "पाणी मी उकळून देतंय. बाकीचां तुमचां तुमी बघा."

पहिले तीन चहा असे झाले. ती पाणी द्यायची, मी पान भिजवायचो, सुर्रकन ओढायचो, डोळे मिटायचो आणि लिहायचो. 'क्र. १, दार्जिलिंग. फुलाचा वास, फूल कोणते ते आठवत नाही. चार तारे.' 'क्र. २, आसाम. चव करारी, वरिष्ठांपुढे ठेवण्याजोगी. साडेचार तारे.' 'क्र. ३, कांगडा. सौम्य व नम्र. बढतीस पात्र.' पान पूर्ण झालं की मोबाइलवर फोटो काढून मी तो आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर टाकायचो. अपेक्षालाही सृष्टीने त्या ग्रुपात घेतलं होतं. मेहुणा देवेश मुंबईहून 'वा भावोजी' असं लिहायचा. माणूस बिघडायला एवढं पुरतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता शर्मिलाने नेहमीचा चहा आणून ठेवला. आलं, गवती चहाची पात, भरपूर दूध, दोन चमचे साखर. एकोणतीस वर्षं मी हा चहा पेपर वाचता वाचता पीत आलो होतो आणि त्यावर चांगलं किंवा वाईट एक अक्षर बोललो नव्हतो. त्या दिवशी वही उघडी होती, पेनचं टोपण काढलेलं होतं. हात आपोआप चालला.

'क्र. ४, घरचा चहा. उकळ जास्त. दुधात पान हरवले आहे. आल्याचा अतिरेक. दोन तारे. सुधारणेस वाव आहे.'

मला ते वाक्य इतकं आवडलं की मी परत वाचलं. बत्तीस वर्षांत एकाही साहेबाला असं जमलं नव्हतं. मग पान पूर्ण झालं होतं म्हणून फोटो काढला, आणि सवयीने ग्रुपवर टाकला. त्या ग्रुपात शर्मिलाही आहे, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. ती चार पावलांवर स्वयंपाकघरात असते, ग्रुपवर कशाला असेल, अशी काहीतरी माझी समजूत असावी.

आत तिचा मोबाइल टिणकला. मग माझा टिणकला. तिने त्या फोटोखाली अंगठा पाठवला होता. बाकी काही नाही, एक पिवळा अंगठा. त्यानंतर देवेशनेही 'वा भावोजी' लिहिलं नाही.

मी धडपडत आत गेलो. "अगो, ती आपली गंमत," मी म्हणालो.

"बरां लिवलात," ती भांडी पुसत शांतपणे म्हणाली. "फक्त उद्यापासून तुमची चाय तुमीच करा. माका सुधारूक येळ लागतलो."

ती भांडली असती तर मला परवडलं असतं. ती भांडली नाही. जेवण वेळेवर, इस्त्री वेळेवर, माठ भरलेला. फक्त चहा बंद. सकाळी ती स्वतःपुरता एक कप करायची आणि पडवीत बसून प्यायची. आल्याचा वास घरभर फिरायचा आणि मी ओट्यापाशी निलगिरीचं पाकीट घेऊन उभा. तेव्हा पहिल्यांदा मला तिच्या चहाचा वास नीट आला. (तज्ज्ञ म्हणून माझी लायकी यावरून कळावी.)

मी स्वयंपाकघरातला नळ उघडला, पातेलं भरलं, पाणी उकळलं, पान भिजवलं आणि सुर्रकन ओढलं. चहा खारट होता.

'क्र. ५, निलगिरी. शेवटी खारट छटा. एक तारा.' दुसऱ्या दिवशी 'क्र. ६, हिरवा चहा. खारट. अर्धा तारा.' सातवा खारट, आठवाही खारट. मी अपेक्षाला लिहिलं की तुमचा अर्ध्याहून जास्त माल बिघडलेला आहे, बंदरावर पडून होता काय याचा खुलासा मागवा. तिचा घाबरलेला फोन आला. "काका, बाकी कुणाला असं लागलं नाही. पाणी कुठलं वापरता?"

हा प्रश्न माझ्या आवडीचा. आमचं घर खाडीपासून हाकेच्या अंतरावर. चैत्र लागला की वाडीतल्या झाडून सगळ्या विहिरी मचूळ होतात, पण आमची नाही. माझ्या वडिलांनी स्वतः जागा दाखवून खणलेली ती विहीर. मे महिन्यातही पाणी साखरेसारखं, आणि पंपाने तेच आमच्या नळाला येतं. हे मी कचेरीत बत्तीस वर्षं सांगत आलो होतो. अपेक्षालाही सांगितलं, जरा विस्ताराने. ती म्हणाली, "मग माझ्याच मालात काहीतरी आहे. मी विक्री थांबवते, काका." तिचा आवाज रडवेला होता. मला वाईट वाटलं, पण कर्तव्य म्हणजे कर्तव्य.

तरी खात्री असावी म्हणून मी दोन साक्षीदार बोलावले. एक सत्यवान, कचेरीतला माझा जुना सहकारी. दुसरे बाबलीदा, वरच्या अंगाला, चढावर त्यांचं घर, वय पंच्याहत्तर, जिभेला हाड नाही. दोघांपुढे मी निलगिरीचे कप ठेवले आणि कसं ओढायचं ते करून दाखवलं.

सत्यवानने घोट घेतला आणि छपराकडे बघत बसला. बाबलीदांनी घेतला, कपात बघितलं, परत घेतला.

"गंगाराम," ते म्हणाले, "चायपत्ती बरी आसा. पाणी खंयचां घातलंस?"

"आमच्या बावीचां. आणखी खंयचां?"

"अरे, त्या पाण्यात चैतापासून साबणाक फेस येणा नाय."

"बाबलीदा, एकोणतीस वर्सां आमी तांच पाणी पितंव."

बाबलीदांनी कप खाली ठेवला. "तुमी पितात तां माज्या बावीचां. तुजी बायल चैत लागल्यापासून मिरगाचो पावस येयसर रोज सकाळी कळशी भरून नेता. लगीन झाल्यापासून नेता. सगळ्या वाडीक म्हायत आसा." मग त्यांनी विचारलं, "तुका म्हायत नाय?"

सत्यवान अजून छपराकडेच बघत होता. तो हळूच म्हणाला, "कचेरीत तू सांगी होतंस ती बाव हीच काय रे?"

(माझं नाव गंगाराम. पाण्यातलं एवढं ज्ञान असलेल्या माणसाचं नाव काहीतरी दुसरं ठेवायला हवं होतं.)

शर्मिला दारात उभी होती. मी तिला विचारलं, "माका सांगलंस कित्या नाय?"

"सांगलंय," ती म्हणाली. "लगीन झाल्यार पयल्याच मे म्हयन्यात सांगलंय, पाणी खारट लागता म्हणान. तुमी दोन दिस जेवलात नाय. म्हणालात, माज्या बापाशीच्या बावीक नावां ठेवतंस. मगे म्हटलंय, पाणी आणूचां सोपां, तुमका समजावचां कठीण."

"आणि आता? मी चार दिस नळाचां पाणी घालतंय तां बघी होतंस मा?"

"बघी होतंय. पण दोन ताऱ्यांच्या बायकोचां कोण आयकता?"

यावर बाबलीदा हसले, सत्यवान हसला. मला हसू आलं नाही. मी सकाळी साडेसातला उठणारा माणूस. ती सहाच्या आत उठून चढ चढून कळशी आणायची, माठ भरायची, त्यातलंच पाणी माझ्या चहाला घालायची आणि मी उठायच्या आत कळशी पालथी घालून ठेवायची. सृष्टी पोटात होती तो उन्हाळाही त्यात आला. त्या पाण्याच्या जिवावर मी गावभर वडिलांच्या विहिरीची बढाई मारली, आणि वर तिला दोन तारे दिले. मला फार वाईट वाटलं.

मी अपेक्षाला लगेच लिहिलं: 'क्र. ५ ते ८ वरील शेरे रद्द समजावेत. माल उत्तम. दोष पाण्याचा, व खरे म्हणजे माझा. विक्री चालू करावी.' तिने विचारलं, 'आणि काकूंच्या चहावरचा, काका?' तो मी ग्रुपवरून काढायला गेलो. पण आता तो फक्त माझ्या मोबाइलवरून निघत होता. इतरांच्या मोबाइलवर तो कायमस्वरूपी दप्तरी दाखल झालेला होता.

दुसऱ्या दिवशी सहाच्या आत मीच कळशी उचलली. बाबलीदांच्या विहिरीवर पोचेपर्यंत तिघांनी विचारलं, "वयनी बरी नाय काय?" पुरुषमाणसाच्या हातात कळशी म्हणजे घरात आजारपण, असा आमच्या वाडीचा हिशेब. मी प्रत्येकाला ती बरी असल्याचं सांगितलं, त्यामुळे संशय आणखी वाढला. येताना कळशी कमरेवर घेऊन बघितली. बायका घेतात ती जागा माझ्याकडे पोटाने व्यापलेली आहे. मग खांद्यावर घेतली. उतारावर दोनदा पाय घसरला. घरी पोचलो तेव्हा अर्धी कळशी पाणी कळशीत होतं आणि अर्धी सदऱ्यात.

पण चहा केला. तिच्या पद्धतीचा: आलं, पात, दूध, दोन चमचे साखर. कप घेऊन पडवीत गेलो आणि ती पीत असताना समोर उभा राहिलो, साहेबांपुढे फाइल ठेवून उभा राहायचो तसा.

"शर्मिला, माजां चुकलां," मी म्हणालो. एकोणतीस वर्षांत हे पहिल्यांदाच म्हणत होतो, त्यामुळे आवाज जरा चिरकला.

तिने आवाज न करता कप संपवला. मग म्हणाली, "ती वही हाडा बघूया."

मी वही दिली, पेनही दिलं. तिने सावकाश लिहिलं, खाली तारीख घातली, सही केली आणि वही माझ्या हातात ठेवली.

'क्र. ९, ह्यांचा चहा. पाणी चांगले, पाच तारे (बाबलीदांच्या विहिरीस). चहा, दोन तारे. पाणक्या नवीन आहे. सुधारणेस वाव आहे, सबब मिरगापर्यंत रोज सहा वाजता हजर राहावे.'

वाचून होईपर्यंत माझा मोबाइल टिणकला. तिने त्याचा फोटो ग्रुपवर टाकला होता, आणि देवेशचं 'वा ताई' येऊनसुद्धा गेलं होतं. माझा सदरा अजून ओला होता. मी मोबाइल पुसला आणि अंगठा पाठवला.