उपडा कप

आमचे शेजारी बापूकाका कुणाच्याही भांडणात पडत नसत. ते गुण देत.

अंगणात दोन कावळे खरकट्यावरून भांडले, की ओटीवरच्या झोपाळ्यावरून निकाल येई, "धाकट्याला तीन, थोरल्याला दोन. धाकट्याचे पाय हलके आहेत." कोळीण पाटी उतरवून काकूंशी बोंबलांवरून हुज्जत घालू लागली, तरी हे झोपाळा थांबवून ऐकत आणि शेवटी म्हणत, "पहिली फेरी कोळणीची."

काकू आतूनच म्हणत, "गुण घेऊन बसा मांडीवर. दुपारी तेच वाढते पानात."

मुलांनो, तुम्ही फोनवर सांगितलंत, की तिकडे टीव्हीवर ऑलिंपिकचं मुष्टियुद्ध बघताना निकालावरून तुमच्या दोघांत हातघाई झाली. तेव्हा मला बापूकाका आठवले. त्यांनी तुम्हा दोघांनाही गुण दिले असते.

मी लग्न होऊन चौलला आले ती एकोणीसशे तीसच्या आसपास. आमची आणि बापूकाकांची नारळी-पोफळीची वाडी शेजारीशेजारी होती, मध्ये फक्त दगड रचून केलेला एक गडगा. लग्नानंतरच्या पहिल्याच सकाळी मी विहिरीवर गेले, तर गडग्यापलीकडे एक पंचेचाळिशीचे गृहस्थ धोतर खोचून, मुठी उगारून, पोफळीच्या ओळींतून उड्या मारत चालले होते. नाक बसकं, मिशा भरघोस. एका पोफळीशी थांबून त्यांनी तिला दोन हुलकावण्या दिल्या, मग मला पाहून मुठी खाली केल्या आणि म्हणाले, "घाबरू नका, सूनबाई. झाडाला मारत नाही मी. झाड उलट मारत नाही, म्हणजे तो सामना होत नाही."

त्यांच्या घरी गेलं, की माजघरातल्या कोनाड्यात एक मोठा चांदीचा कप दिसे. पण उपडा घातलेला. काकू दर दिवाळीला तो घासून लख्ख करीत आणि पुन्हा उपडा घालीत. नव्या पाहुण्याने विचारलं, "वा, कशात मिळवला?" की बापूकाका तोंड फिरवून म्हणत, "मिळवला नाही. ठेवायला आहे. निकाल बाकी आहे."

ही भानगड मला पुढे काकूंनीच सांगितली. बापूकाका तरुणपणी मुंबईला गोदीत कारकून होते. तिथल्या साहेबांनी हौशी लोकांसाठी मुष्टियुद्धाचे सामने सुरू केले होते. अंतिम सामना झाला तो बापूकाका आणि धर्मा यांच्यात. धर्मा रेवदंड्याच्या कोळीवाड्यातला, गोदीतच एका लाँचवर खलाशी. दोघे गावाकडचे, दोस्त. त्या दिवशी धर्माने बापूकाकांना तिन्ही फेऱ्या चोपून काढलं. ते बसकं नाक तेव्हाचंच. पण तीन पंच एका बाकावर मांडीला मांडी लावून बसलेले, आणि मधले पंच म्हणजे बापूकाकांच्या खात्याचे साहेब. तिघांनी डोकी एकत्र केली, कुजबुजले, आणि कप बापूकाकांना दिला. गळ्यात हार पडला. टाळ्या झाल्या. बापूकाकांनी कप घेतला.

रात्रभर तळमळून सकाळी ते कप घेऊन धर्माकडे गेले. धर्मा जाळं विणत होता. तो मान वर न करता म्हणाला, "बापू, ह्यो तू दिलेला. मना जिकलेला पायजे."

"मग पुन्हा लढू."

"लढू. पन मोजनार कोन? तू आनलेला पंच मना पटनार न्हाय, मी आनलेला तुना पटनार न्हाय."

"दोघांनाही पटेल अशी मोजणी मी शोधून काढतो," बापूकाका म्हणाले.

त्या शोधात पंधरा-वीस वर्षं गेली. दरम्यान वडील वारले, बापूकाका नोकरी सोडून वाडी सांभाळायला आले. धर्माने स्वतःची होडी केली आणि तो धर्मा नाखवा झाला. दोघे रस्त्यात भेटले तर बोलत, हसत. पण धर्मा बापूकाकांच्या घरात कधी पाऊल टाकत नसे. पायरीवर मासळी ठेवून, "वयनी, हलवा हाय," एवढं ओरडून निघून जाई.

त्यातच एकदा अलिबागच्या वाचनालयात बापूकाकांनी वाचलं, की पॅरिसच्या ऑलिंपिकमध्येही मुष्टियुद्धाच्या निकालांवरून फार आरडाओरडा झाला, आणि हा खेळ तिथून काढूनच टाकावा असं काही बडे लोक म्हणू लागले आहेत. ते तसेच घरी आले आणि जेवले नाहीत. "अहो, पॅरिसच्या भांडणासाठी भात का टाकता?" काकूंनी विचारलं. ते म्हणाले, "जगाच्या जत्रेतूनच हा खेळ उठला, तर धर्माचा आणि माझा निकाल कोण लावणार? उद्या लोक म्हणतील, असा खेळच नव्हता कधी."

तेव्हापासून जगातलं मुष्टियुद्ध सुधारण्याचं काम चौलच्या त्या झोपाळ्यावरून सुरू झालं. मी मॅट्रिक झालेली, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. मी आल्यावर कामाला जोर आला. "सूनबाई, लिहा," म्हणत ते दुपारी आमच्या ओटीवर येत आणि मी ऑलिंपिकच्या युरोपातल्या समितीला इंग्रजीत पत्र लिही. माझ्या सासूबाई आतून म्हणत, "एवढं शिकलीस ती बापूच्या गुद्द्यांसाठीच का गं?"

त्यांच्या सुधारणा अशा. पंच तीन असावेत, पण तीन बाजूंना बसावेत, आणि त्यांना सामना दिसावा, पण ते एकमेकांना दिसू नयेत. म्हणून प्रत्येकाभोवती झावळ्यांचे झाप उभे करावेत, पुढे बघण्यापुरती फट ठेवून. प्रत्येक पंचापुढे दोन करवंट्या असाव्यात, एकेका खेळाडूची एकेक. स्वच्छ ठोसा बसला, की त्याच क्षणी त्या खेळाडूच्या करवंटीत एक सुपारी टाकावी. "शेवटी आठवून सांगायचं नाही," ते बजावत. "आठवताना माणूस साहेबाचं तोंड बघतो." शेवटी करवंट्या सगळ्यांसमोर उपड्या कराव्यात.

"काका, युरोपात सुपाऱ्या कुठून आणतील?" मी विचारलं.

"नसतील तर आपण पाठवू. वाडी कशाला आहे?"

शेवटचं कलम त्यांचं लाडकं होतं: निकाल लागल्यावर हरलेल्याला विचारावं, पटला का? त्याला पटला तरच निकाल खरा. मी म्हटलं, "काका, हरलेला नेहमी नाहीच म्हणेल." त्यांनी मान हलवली. "नाही हो, सूनबाई. हरलेल्याला आतून ठाऊक असतं." मग हळूच म्हणाले, "जिंकलेल्यालाही असतं."

बऱ्याच पत्रांनंतर एक छापील कार्ड आलं, त्यात आपल्या सूचनांबद्दल आभार, एवढंच. बापूकाकांनी ते साऱ्या आळीला दाखवलं. "वाचलंय म्हणजे! आता प्रयोग करून दाखवायला हवा."

पहिला प्रयोग त्यांच्या वाडीतच झाला. पोफळीवर चढणारे दोन गडी मुंबईचे जुने हातमोजे घालून उभे राहिले. झाप लागले. पंचांना सोललेल्या, वाळलेल्या उत्तम सुपाऱ्या दिल्या. तीन फेऱ्या छान झाल्या. करवंट्या उपड्या केल्या, तर दुकानदार मगनशेठच्या दोन्ही करवंट्या रिकाम्या.

"शेठ, गुण कुठे गेले?"

मगनशेठचं तोंड भरलेलं होतं. खिशातला अडकित्ता दाखवत ते म्हणाले, "बापू, सुपारी बहु सरस हती! हातात सुपारी आली ने, अडकित्ता आपोआप चालला." झापाआड त्यांनी गुण कातरून खाल्ले होते, आणि उरलेल्यांचे विडे करून फेऱ्यांच्या मध्ये दोन्ही खेळाडूंनाही दिले होते.

दुसऱ्या दिवशी मी समितीला कळवलं, की सुपारी सोललेली नसावी. सालासकट ओलं पोफळ वापरावं, म्हणजे पंच गुण खाणार नाहीत. त्याला उत्तर आलं नाही.

पण बापूकाकांची खात्री झाली. ते उठले आणि रेवदंड्याला जाऊन धर्मा नाखव्याला म्हणाले, "मोजणी सापडली."

सामना ठरला नारळी पौर्णिमेला, कारण त्याआधी होड्या ओढलेल्या असतात आणि नंतर धर्माला उसंत नसते. समुद्राची पूजा झाली, सोन्याचा नारळ पाण्यात गेला, किनाऱ्यावर जागोजाग लोक नारळावर नारळ आपटून नारळ लढवू लागले. मग सगळे आमच्या दोरखंडाच्या चौकोनाभोवती जमले. घंटा वाजवायचं काम माझ्याकडे होतं. घंटा आमच्या देवघरातली; सासूबाईंना अजून माहीत नाही, वर गेल्यावर सांगेन.

पंचांत मगनशेठ होते, अडकित्ता काढून घेतलेले. दुसरे आमच्याकडचे बेने इस्रायली सॉलोमन तेली, ज्यांच्या मापात कधी थेंब कमी पडला नाही. तिसऱ्यावरून मात्र अडलं. धर्मा म्हणाला, "तिसरी वयनी."

"ते नियमात बसत नाही," बापूकाका म्हणाले. "घरचं माणूस आहे."

"नियम तुजं, पन पटायचं मना हाय. वयनी तराजूकडं बगते, मानसाकडं न्हाय. मी काय आजच्याला वलखतंय तिला?"

काकू म्हणाल्या, "मला नका हो ओढू यात." पण नाखव्याच्या शब्दापुढे त्यांचं चाललं नाही. पदर खोचून त्या झापाआड बसल्या.

मी घंटा वाजवली. दोघांची पन्नाशी आलेली, पोटं सुटलेली. कोळणी ओरडत होत्या, "नाखवा, जरा हाल! वाळूत खुंटा मारलाय काय?" पहिली फेरी दोघे धापाच टाकत होते. दुसऱ्या फेरीत माझ्या लक्षात आलं, की बापूकाका हात वर घेतच नाहीत. तोंड पुढे करून उभे राहतात. धर्माच्याही ते लक्षात आलं. तो थांबला आणि त्याने मोजे खाली सोडले.

"बापू, पुना देतंस काय? मग ने तुजा कप घरी. घाल उपडा."

बापूकाकांचं तोंड लाल झालं. सगळ्या किनाऱ्यादेखत त्यांनी मान खाली घातली. मग मुठी वर घेतल्या.

तिसरी फेरी मी कधी विसरणार नाही. ती खरी होती. कोळणींचं ओरडणं थांबलं. नुसते ठोसे आणि करवंटीत पडणाऱ्या पोफळांचे आवाज ऐकू येत होते.

मगनशेठनी करवंट्या उपड्या केल्या: बापूकाकांची पोफळं जास्त. सॉलोमनभाऊंनी केल्या: धर्माची जास्त. आता सगळे काकूंकडे बघू लागले. काकूंनी आधी बापूकाकांची करवंटी उपडी केली, मूठभर पोफळं निघाली. मग धर्माची उचलली. ती इतकी भरलेली होती की पोफळं वाळूवर घरंगळत गेली.

बापूकाका नाकातलं रक्त पुसत त्या पोफळांकडे बघत राहिले. मग एवढ्या मोठ्याने ओरडले की किनाऱ्यावरचे बगळे उडाले, "पटला! मला पटला!"

त्यांनी कप धर्माच्या हातात दिला. धर्माने तो वाळूत सुलटा ठेवला, लढवून फुटलेल्या नारळांचं पाणी त्यात ओतलं आणि अर्धं प्यायला. मग कप पुढे केला. "घे. आता माजा हाय, आता देतंय. पी." बापूकाका प्यायले. मिशांतून पाणी गळत होतं. सगळं नारळाचंच नव्हतं. त्या संध्याकाळी धर्मा नाखवा त्यांच्या माजघरात पाटावर बसून जेवला.

दुसऱ्या दिवशी मी काकूंना मदत करायला गेले. कोनाडा रिकामा होता. काकू तो पुसत होत्या, पुसून झाला तरी पुसत होत्या. मी सहज म्हटलं, "काकू, धर्माभाऊंनी एवढे ठोसे मारले? मला तर बरोबरीचे वाटले."

त्यांनी फडका पाण्यात बुडवला. "खोटं नाही गं मोजलं मी. देवाशपथ. यांना बसलेला एकही ठोसा माझ्या नजरेतून सुटला नाही." मग फडका पिळत म्हणाल्या, "यांनी मारलेले मात्र... ते बघायला डोळे मोकळे कुठे होते मला?"

मी हे कुणाला सांगितलं नाही. धर्माला नाही, आणि बापूकाकांना तर नाहीच.

दोन दिवसांनी दुपारी बापूकाका आमच्या ओटीवर आले. नाकावर हळदीचा लेप होता. "सूनबाई, लिहा. शेवटची दुरुस्ती. पंचांत खेळाडूच्या घरचं माणूस नसावं."

माझी लेखणी थबकली. "का हो, काका? निकाल पटला ना तुम्हाला?"

"पटला म्हणजे पटला. निकालासाठी नाही म्हणत." त्यांनी गडग्यापलीकडे पाहिलं. काकू अंगणात पोफळं वाळत घालत होत्या. "झापाच्या फटीतून मला दिसत होती ती. तिला फार लागलं हो."